विद्यमान लोकप्रतिनिधी रिंगणात नसला की लढत चुरशीची होतेच का?

जोगेश्वरीकर (प्रश्न)

नमस्कार. २०२४ या एकाच वर्षात आम्हा जोगेश्वरी पूर्वेच्या मतदारांनी सहा महिन्यांच्या आत दोन निवडणुका पाहिल्या आणि दोन्हींचे निकाल अगदी काठावरचे लागले. लोकसभेला मुंबई उत्तर पश्चिममध्ये शिवसेनेच्या शिंदे गटाचे रवींद्र वायकर यांना ४,५२,६४४ आणि ठाकरे गटाचे अमोल कीर्तिकर यांना ४,५२,५९६ मते मिळाली. फरक अवघ्या ४८ मतांचा होता. गोरेगावच्या नेस्को केंद्रात मतमोजणी सुरू होती तेव्हा यंत्रांवरच्या मतांत कीर्तिकर एका मताने पुढे होते आणि शेवटी टपाली मतांनी निकाल फिरवला. याच मतदारसंघात २०१९ मध्ये गजानन कीर्तिकर अडीच लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून आले होते. २०२४ मध्ये ते स्वतः उभे राहिले नाहीत.

वायकर खासदार झाल्यामुळे आमची विधानसभेची जागा मोकळी झाली. २००९ पासून तीन वेळा तेच निवडून आले होते आणि २०१९ चे त्यांचे मताधिक्य ५८ हजारांहून अधिक होते. नोव्हेंबरमध्ये त्यांच्या पत्नी मनीषा वायकर उभ्या राहिल्या आणि ठाकरे गटाचे अनंत (बाळा) नर यांनी ती जागा १,५४१ मतांनी जिंकली. दोन्ही वेळा आधीचा माणूस रिंगणात नव्हता आणि दोन्ही वेळा लाखा-हजारांचे मताधिक्य विरघळून गेले.

अमेरिकेतील निवडणुकांबद्दल वाचताना एक मुद्दा वारंवार समोर येतो. तिथे विद्यमान सदस्याला हरवणे अतिशय कठीण असते, म्हणून सत्तांतराची खरी संधी सदस्य निवृत्त होऊन जागा मोकळी होते तेव्हाच मिळते, असे म्हटले जाते. आमच्या मतदारसंघाचा अनुभव या म्हणण्याला धरून आहे. मात्र शेजारच्या मुंबई उत्तरमध्ये गोपाळ शेट्टी यांच्याऐवजी पीयूष गोयल उभे राहिले आणि साडेतीन लाखांहून अधिक मतांनी सहज जिंकले. जागा तीही मोकळीच होती. मग जागा मोकळी होणे आणि लढत चुरशीची होणे यांचा संबंध नेमका कसा लावायचा? अमेरिकेतील निष्कर्ष आपल्याकडे कितपत लागू पडतात? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

निवृत्त_नागरिकशास्त्र_शिक्षक

अमेरिकेपासून सुरुवात करतो, कारण तिथले गणित समजून घेतले तर आपल्याकडे ते कुठे अडते हे आपोआप दिसेल.

तिथल्या प्रतिनिधिगृहाची मुदत दोन वर्षांची असते आणि पुन्हा उभे राहणाऱ्या सदस्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक सदस्य बहुतेक निवडणुकांत निवडून येतात. त्यांचे नाव मतदारांना ठाऊक असते, देणग्या त्यांच्याकडे सहज येतात, मतदारसंघातील लोकांची सरकारी कामे करून देणारे पगारी कर्मचारी त्यांच्या दिमतीला असतात, आणि एवढ्या ताकदीच्या माणसापुढे उभे राहून आपली राजकीय कारकीर्द पणाला लावायला विरोधी पक्षातील चांगले उमेदवार धजावत नाहीत. माझ्या मते हे शेवटचे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. विद्यमान सदस्य निवृत्ती जाहीर करतो तेव्हा दोन गोष्टी एकदम घडतात. त्याची वैयक्तिक मते त्याच्याबरोबर जातात, आणि आजवर बाजूला थांबलेले राज्य विधिमंडळाचे सदस्य, महापौर, उद्योजक असे वजनदार लोक दोन्ही पक्षांकडून पुढे येतात.

वैयक्तिक मते म्हणजे काय, याचे एक उदाहरण मला फार बोलके वाटते. फ्लोरिडातील मायामीच्या सत्ताविसाव्या मतदारसंघातून इलियाना रोस-लेतिनेन या रिपब्लिकन सदस्य होत्या. त्या १९८९ पासून प्रतिनिधिगृहात होत्या. २०१६ मध्ये त्यांच्या मतदारसंघाने अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या हिलरी क्लिंटन यांना जवळपास वीस टक्के गुणांचे मताधिक्य दिले आणि त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर रोस-लेतिनेन यांना सुमारे दहा गुणांनी निवडून दिले. म्हणजे हजारो मतदारांनी वर एका पक्षाला आणि खाली दुसऱ्या पक्षाच्या या बाईंना मत दिले. २०१८ मध्ये त्या निवृत्त झाल्या, जागा मोकळी झाली आणि ती डेमोक्रॅटिक पक्षाच्या डॉना शलेला यांनी जिंकली. तीस वर्षांची ओळख संपल्यावर मतदारसंघ आपल्या मूळ कलाकडे गेला, असे वाटावे. पण लगेच २०२० मध्ये रिपब्लिकन मारिया एल्विरा सालाझार यांनी शलेला यांना हरवले. तेव्हा ‘मूळ कल’ ही गोष्टसुद्धा कायमची धरून चालत नाही.

इथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. निवृत्ती आणि पराभव यांतील कारण-परिणामाची दिशा नेहमी सरळ नसते. कॅलिफोर्नियाचे डॅरेल इसा २०१६ मध्ये दोन हजारांहूनही कमी मतांनी कसेबसे निवडून आले होते. २०१८ च्या जानेवारीत त्यांनी पुन्हा उभे न राहण्याचे जाहीर केले आणि नोव्हेंबरमध्ये त्यांच्या पक्षाने ती जागा मोठ्या फरकाने गमावली. जागा मोकळी झाली म्हणून पक्ष हरला, की हरण्याची चिन्हे दिसत होती म्हणून जागा मोकळी झाली? हेच इसा २०२० मध्ये शेजारच्या, आपल्या पक्षाला अधिक अनुकूल असलेल्या मोकळ्या मतदारसंघातून पुन्हा निवडून आले, यातच बरेचसे उत्तर आहे. वारे विरोधात वाहत असल्याचे अनुभवी राजकारण्यांना इतरांच्या आधी कळते. २०१८ मध्ये तीसहून अधिक रिपब्लिकन सदस्य पुन्हा उभे राहिले नाहीत आणि त्या वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाच्या जागा सुमारे चाळीसने वाढल्या. यातील प्रत्येक जागा निवृत्तीमुळे गेली असे म्हणता येणार नाही. सभापती पॉल रायन हेही त्याच वर्षी निवृत्त झाले, पण विस्कॉन्सिनमधील त्यांची जागा त्यांच्या पक्षाकडे सुरक्षित राहिली.

कधी कधी निवृत्तीचे कारण निवडणुकीच्या हवेशी संबंधित नसते, आणि अभ्यासकांना तेच अधिक उपयोगी पडते. १९९२ मध्ये प्रतिनिधिगृहातून पासष्ट सदस्य निवृत्त झाले. त्यामागे सभागृहाच्या बँकेतील गैरव्यवहाराचे प्रकरण आणि मतदारसंघांची फेररचना ही कारणे होतीच, शिवाय प्रचारनिधीतील उरलेली रक्कम स्वतःसाठी ठेवण्याची जुन्या सदस्यांना असलेली मुभा त्यानंतर संपणार होती. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९९० मध्ये सार्वमताने राज्य विधिमंडळाच्या सदस्यांवर कारकिर्दीची मर्यादा घातली, तेव्हापासून तिथे ठरावीक वर्षांनी जागा मोकळ्या होतातच, मग सदस्य लोकप्रिय असो वा नसो. अशा ठिकाणी आधीचा माणूस गेल्यावर पक्षाची मते किती घसरतात आणि नव्या सदस्याची मते दुसऱ्या निवडणुकीत किती वाढतात, हे मोजून त्या पदाचे वैयक्तिक वजन काढता येते.

जोगेश्वरीकर, आपल्या प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग मुंबईचा आहे. त्यावर मतदारसंघात प्रत्यक्ष काम केलेल्यांनी लिहावे.

बोरिवली_पश्चिम

मुंबई उत्तरचा उल्लेख झाला आहे, म्हणून त्यातील बोरिवली विधानसभेचे उदाहरण देते. २०१४ मध्ये इथून भाजपचे विनोद तावडे निवडून आले. २०१९ मध्ये ते मंत्री असूनही त्यांना उमेदवारी मिळाली नाही आणि सुनील राणे निवडून आले. २०२४ मध्ये राणे यांनाही उमेदवारी मिळाली नाही आणि संजय उपाध्याय सुमारे एक लाखाच्या मताधिक्याने निवडून आले. सलग तीन निवडणुकांत तीन वेगळे आमदार झाले, दोन वेळा जागा मोकळी झाली, आणि एकदाही निकालाबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती.

याचे कारण इथल्या मतदाराचे नाते पक्षाशी आहे, हे आहे. इमारतींमधील मतदार, त्यांची सामाजिक घडण, अनेक दशकांची संघटना या सगळ्यांचा कल इतका पक्का आहे की उमेदवाराचे नाव मतदानाच्या काही आठवडे आधी कळले तरी फरक पडत नाही. अशा मतदारसंघात चुरस असते ती उमेदवारीसाठी, आणि ती मतदाराला दिसत नाही. २०२४ मध्ये ती थोडीशी दिसली, कारण गोपाळ शेट्टी यांनी बाहेरून उमेदवार लादल्याची तक्रार करत अपक्ष अर्ज भरला होता. ४ नोव्हेंबरला, अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी, त्यांनी तो मागे घेतला आणि उरलीसुरली लढतही संपली.

सरांनी लिहिलेल्या अमेरिकेतही हे घडतेच. नॅन्सी पेलोसी यांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा न लढण्याचे जाहीर केले. सॅन फ्रान्सिस्कोतील ती जागा रिपब्लिकन पक्षाकडे जाईल असे कुणीही मानत नाही. फरक एवढाच की तिथे पक्षांतर्गत चुरस प्राथमिक निवडणुकीत मतदारांसमोर होते आणि आमच्याकडे ती बंद दाराआड मिटवली जाते. बोरिवलीच्या मतदाराला आपला आमदार निवडण्याचा जो खरा क्षण असतो, त्या क्षणी त्याला कुणी विचारत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. तीन आमदार झाले. एकाचेही मूल्यमापन आम्हाला मतपेटीतून करता आले नाही.

वरळी आणि धारावीही लक्षात घ्याव्यात. २०१९ मध्ये आदित्य ठाकरे यांच्यासाठी विद्यमान आमदार सुनील शिंदे यांनी वरळीची जागा सोडली, आधीचे आमदार सचिन अहिर निवडणुकीपूर्वीच शिवसेनेत आले होते, मनसेने उमेदवार दिला नाही, आणि आदित्य यांना ६७ हजारांहून अधिक मताधिक्य मिळाले. शिंदे यांना पुढे २०२१ मध्ये विधान परिषदेवर पाठवण्यात आले. धारावीत २०२४ मध्ये वर्षा गायकवाड लोकसभेवर गेल्या, त्यांच्या जागी त्यांच्या भगिनी ज्योती गायकवाड उभ्या राहिल्या आणि मताधिक्य २०१९ पेक्षा वाढले. कागदावर या दोन्ही जागा मोकळ्याच होत्या.

लालबाग_परळ

मी अनेक वर्षे एका पक्षाचे मतदान केंद्रावरचे काम केले आहे. पक्षाचे नाव इथे महत्त्वाचे नाही. बोरिवलीच्या ताईंनी दिलेली वरळीची आणि धारावीची उदाहरणे बरोबर आहेत, आणि त्यांतच जोगेश्वरीकरांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे, असे मला वाटते. जागा मोकळी झाली एवढे पाहून भागत नाही. ती कुणी मोकळी केली, आणि जाणारा माणूस कोणत्या मनःस्थितीत गेला, हे पाहावे लागते. आपल्याकडे लोकप्रतिनिधी आपणहून निवृत्त होण्याचे प्रसंग क्वचितच येतात. बहुतेक वेळा त्याचे तिकीट कापले जाते, किंवा जागावाटपात त्याचा मतदारसंघ मित्रपक्षाला जातो, किंवा तो वरच्या सभागृहात जातो, किंवा त्याचे निधन होते. या प्रत्येक प्रकारात पुढची निवडणूक वेगळ्या तऱ्हेने लढली जाते.

आमदाराच्या वैयक्तिक मतांबद्दल सरांनी लिहिले. ती मते प्रत्यक्षात कुठे असतात, ते सांगतो. आमदाराच्या कार्यालयात एक जाडजूड वही असते, आता काही ठिकाणी ती संगणकावर आली आहे. त्या वहीत चाळी आणि सोसायट्यांच्या नावांनुसार पाने असतात. कुठल्या चाळीच्या संडासाची दुरुस्ती आमदार निधीतून झाली, कुठल्या सोसायटीला पेव्हर ब्लॉक मिळाले, कोणाच्या मुलाच्या शाळाप्रवेशासाठी पत्र दिले, कोणाला केईएममध्ये खाट मिळवून दिली, कुठल्या मंडळाला गणपतीत जाहिरात दिली, पुनर्विकासाच्या कुठल्या भांडणात कोणाची बाजू घेतली, हे सगळे तारखेसह त्यात असते. शेवटच्या रकान्यात त्या इमारतीत ज्याच्या शब्दाला मान आहे अशा माणसाचा भ्रमणध्वनी क्रमांक असतो. मतदानाच्या दिवशी दुपारी तीननंतर यादीवर खुणा करून कोण अजून उतरले नाही हे आम्ही पाहतो, तेव्हा फोन याच माणसांना जातात.

आता प्रश्न असा की आमदार गेल्यावर ही वही कोणाकडे जाते. मी स्वतः पाहिलेला एक प्रसंग असा आहे की तिकीट कापल्यावर आमच्या आमदारांनी कार्यालय बंद केले, वही घरी नेली आणि ‘माझी प्रकृती बरी नाही’ असा निरोप पाठवला. त्यांनी बंडखोरी केली नाही, पक्षाविरुद्ध एक शब्द काढला नाही. पण नव्या उमेदवाराला अर्जाबरोबरचा एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचे पत्र, मिळाला तो मुदत संपायला जेमतेम एक दिवस उरलेला असताना, आणि त्यानंतरच्या तीन आठवड्यांत आम्ही इमारतीमागून इमारती हिंडत ‘साहेबांचा माणूस कोण?’ हे नव्याने विचारत होतो. आम्ही ती जागा हरलो. जिथे जाणारा आमदार नव्या उमेदवाराचा हात धरून प्रत्येक चाळीत नेतो, तिथे वहीसुद्धा हस्तांतरित होते. वरळीत आणि धारावीत जागा मोकळी होऊनही चुरस झाली नाही, ती याच कारणाने, असे माझे निरीक्षण आहे.

याउलट वांद्रे पूर्व २०१९ पाहा. बाळा सावंत यांच्या निधनानंतर २०१५ च्या पोटनिवडणुकीत तृप्ती सावंत यांनी नारायण राणे यांचा पराभव केला होता. ‘मातोश्री’ ज्या मतदारसंघात आहे तिथली ही जागा शिवसेनेसाठी किती प्रतिष्ठेची होती, हे सांगायला नको. तरीही २०१९ मध्ये त्यांना डावलून महापौर विश्वनाथ महाडेश्वर यांना उमेदवारी देण्यात आली. तृप्ती सावंत अपक्ष उभ्या राहिल्या आणि त्यांना २४ हजारांहून अधिक मते मिळाली. काँग्रेसचे झिशान सिद्दीकी ५,७९० मतांनी जिंकले. शिवसेनेची आणि तृप्तीताईंची मते एकत्र केली तर ती विजेत्याच्या मतांपेक्षा कितीतरी अधिक होतात. इथे मतदारसंघाचा कल बदलला नव्हता. जागा ज्या पद्धतीने मोकळी केली गेली त्या पद्धतीने ती गेली.

जोगेश्वरी पूर्वेबद्दलही याच दृष्टीने विचार करावा. वायकर साहेबांची वही त्यांच्याच घरात राहिली, त्यामुळे मनीषाताईंना ७५ हजारांहून अधिक मते पडली. पण शाखा आणि गटप्रमुख मात्र २०२२ च्या फुटीनंतर बऱ्याच प्रमाणात दुसऱ्या बाजूला होते. मुंबईत शिवसेनेचा मतदार आमदाराइतकाच शाखेशी बांधलेला असतो. ही दोन नाती वेगळी झाली तेव्हा त्यांचे वजन जवळजवळ सारखे निघाले, असे १,५४१ या आकड्यावरून मला वाटते.

जोगेश्वरीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. लालबागच्या दादांनी वहीबद्दल जे लिहिले ते वाचून आमच्या भागातील बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला.

एक पुढचा प्रश्न विचारतो. २०२४ च्या लोकसभेला मुंबईतील सहापैकी चार जागांवर विद्यमान खासदार नव्हते. मुंबई उत्तर सोडली तर उरलेल्या तीन ठिकाणी मताधिक्य असे होते: उत्तर पश्चिममध्ये ४८, उत्तर मध्यमध्ये १६,५१४ आणि ईशान्य मुंबईत २९,८६१. ज्या दोन ठिकाणी विद्यमान खासदार उभे होते, म्हणजे दक्षिण मुंबईत अरविंद सावंत आणि दक्षिण मध्यमध्ये राहुल शेवाळे, तिथे फरक ५० हजारांच्या वर गेला. म्हणजे मोकळ्या जागांवर लढत अधिक अटीतटीची झाली असे म्हणायला हरकत आहे का?

मुलुंडची_वाचक

हरकत आहे, आणि ती का हे लिहिते. मी ईशान्य मुंबईची मतदार आहे.

पहिली गोष्ट अशी की २०१९ मध्ये या सहाही जागांवर विजेत्यांचे मताधिक्य एक लाखाच्या वर होते. तेव्हा भाजप आणि अखंड शिवसेना एकत्र होते. २०२४ पर्यंत शिवसेना फुटली होती, राष्ट्रवादी फुटली होती, आणि ठाकरे गट काँग्रेसबरोबर गेला होता. त्यामुळे मताधिक्य सगळीकडेच खाली यायला हवे होते आणि मुंबई उत्तरसकट सगळीकडे ते आले. दुसरे असे की ज्या दोन ठिकाणी विद्यमान खासदार उभे होते, त्यांपैकी एक जिंकले आणि एक हरले. शेवाळे यांचा ५३ हजारांहून अधिक मतांनी पराभव झाला. म्हणजे खासदार असण्याने त्यांना वाचवले नाही. आपल्याकडे पदावर असण्याचा फायदा होतो की तोटा, हाच मुळात वादाचा प्रश्न आहे. आपले पक्ष विद्यमान सदस्यांची तिकिटे कापतात ती अनेकदा त्यांच्याबद्दलची नाराजी नव्या चेहऱ्याने धुऊन निघावी म्हणून. अमेरिकेत जागा मोकळी होणे हे सदस्याच्या पक्षासाठी संकट मानले जाते, तर आपल्याकडे पक्ष तोच उपाय म्हणून वापरतात.

आमच्याकडे हा उपाय एकदा चालला आणि एकदा चालला नाही. २०१९ मध्ये किरीट सोमय्या यांच्याऐवजी मनोज कोटक यांना उमेदवारी मिळाली आणि ते सव्वादोन लाखांहून अधिक मतांनी निवडून आले. २०२४ मध्ये कोटक यांच्याऐवजी मिहिर कोटेचा आले आणि संजय दिना पाटील यांच्याकडून हरले. पाटील हे २०१९ मध्ये कोटक यांच्याविरुद्ध हरलेलेच उमेदवार होते. मोकळी जागा दोन्ही वेळा होती. बदलली ती आघाड्यांची गणिते, आणि काही प्रमाणात विक्रोळी, भांडुप, मानखुर्द-शिवाजीनगर या भागांतील मतदारांचा उत्साह.

उमेदवार कधी जाहीर होतो, या मुद्द्याला मात्र मी अधिक महत्त्व देईन. उत्तर मध्यमध्ये पूनम महाजन यांना उमेदवारी मिळणार की नाही हे शेवटपर्यंत टांगणीला होते. उज्ज्वल निकम यांचे नाव २७ एप्रिलला जाहीर झाले आणि मतदान २० मे रोजी होते. तुमच्या उत्तर पश्चिममध्ये अमोल कीर्तिकर यांचे नाव मार्चमध्येच जाहीर झाले होते, तर वायकर यांचे एप्रिलच्या अखेरीस. अमेरिकेत सदस्य बहुधा निवडणुकीच्या कित्येक महिने आधी निवृत्ती जाहीर करतो, त्यामुळे इच्छुकांना लोकांपुढे जायला वेळ मिळतो आणि मतदारांनाही पारखून घ्यायला. आपल्याकडे जागा मोकळी होणार हे कळते तेव्हा अर्ज भरण्याची धावपळ सुरू झालेली असते. चांगले नवे उमेदवार पुढे येण्याचा जो फायदा सरांनी सांगितला, तो आपल्या पदरात पडतच नाही. वाट्याला येते ती बंडखोरी आणि मनधरणी.

तुम्हाला खरोखर निखळ तुलना हवी असेल तर लोकसभा सोडून महापालिकेकडे पाहा. तिथे जागा मोकळी करण्याचे काम सोडत करते. प्रभाग महिलांसाठी किंवा एखाद्या प्रवर्गासाठी राखीव झाला की नगरसेवकाने कितीही चांगले काम केलेले असो, त्याला त्या प्रभागातून उभे राहता येत नाही. हवेचा अंदाज घेऊन पळ काढण्याचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे डॅरेल इसा यांच्यासारखी शंका इथे उरत नाही. मग काहींच्या घरातील स्त्री उभी राहते, काही जण शेजारच्या प्रभागात जातात आणि तिथल्या इच्छुकाशी भांडण ओढवून घेतात, आणि काही ठिकाणी खरोखर नवे माणूस पुढे येते. १९९७ आणि २००२ च्या मुंबई महापालिका निवडणुकांवर झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की १९९७ मध्ये महिलांसाठी राखीव असलेल्या आणि २००२ मध्ये तसे आरक्षण न राहिलेल्या प्रभागांतून महिला निवडून येण्याची शक्यता, दोन्ही वेळा हे आरक्षण नसलेल्या प्रभागांच्या तुलनेत सुमारे पाचपट होती. पाच वर्षे जुन्या पुरुष नगरसेवकाला बाजूला राहावे लागले, तेवढ्यात दुसऱ्या कुणाची तरी ओळख तयार झाली, आणि पक्षांनाही महिला उमेदवार जिंकू शकते हे दिसले, असा मी त्याचा अर्थ लावते. माझ्या आईच्या पिढीतील अनेक जणींना राजकारणात पहिले पाऊल टाकता आले ते अशा मोकळ्या झालेल्या प्रभागांतूनच, म्हणून ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

२०२६ च्या महापालिका निवडणुकीत तर आणखी एक विलक्षण परिस्थिती होती. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यापासून प्रशासकाचा कारभार होता आणि मतदान १५ जानेवारी २०२६ रोजी झाले. जवळपास चार वर्षे २२७ पैकी एकाही प्रभागात पदावरचा नगरसेवक नव्हता, नगरसेवक निधी नव्हता, कामाची पत्रे नव्हती. लालबागच्या दादांच्या भाषेत सांगायचे तर सगळ्यांच्या वह्या चार वर्षे जुन्या झाल्या होत्या. तरीही पुष्कळ माजी नगरसेवक आपापल्या भागात पाय रोवून होते. एखाद्याने प्रभागवार बसून पाहिले, की २०१७ चे किती नगरसेवक त्याच प्रभागातून लढले, किती सोडतीमुळे बाहेर फेकले गेले आणि दोन्ही गटांत मताधिक्य कसे राहिले, तर तुमच्या प्रश्नाचे उत्तर लोकसभेच्या सहा जागांपेक्षा कितीतरी विश्वासाने देता येईल. प्रभागांच्या हद्दी २०१७ नंतर कुठे बदलल्या आहेत, ते मात्र आधी तपासून घ्यावे लागेल.

निवृत्त_नागरिकशास्त्र_शिक्षक

मुलुंडच्या ताईंचे म्हणणे मला पूर्ण पटते. त्यात अंधेरी पूर्वची भर घालतो, कारण निधनाने मोकळ्या झालेल्या जागेचा प्रकार राहून गेला आहे. रमेश लटके यांच्या निधनानंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये पोटनिवडणूक झाली. भाजपने मुरजी पटेल यांचा अर्ज मागे घेतला, ऋतुजा लटके निवडून आल्या आणि दुसऱ्या क्रमांकाची मते, १२ हजारांहून अधिक, ‘नोटा’ला मिळाली. दिवंगत सदस्याच्या कुटुंबीयांविरुद्ध उमेदवार न देण्याच्या आपल्या प्रथेमुळे मोकळी जागा काही काळ स्पर्धेबाहेर राहिली. दोन वर्षांनी त्याच पटेल यांनी, या वेळी शिंदे गटाकडून, ऋतुजाताईंचा २५ हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. पोटनिवडणुकीत टळलेली लढत तिथे २०२४ मध्ये झाली, आणि तेव्हा ती जागा मोकळी नव्हती.

जोगेश्वरीकर, आपल्या मतदारसंघापुरते पाहायचे तर २०२९ च्या विधानसभेला अनंत नर पुन्हा उभे राहिले की त्यांची मते आणि त्यांच्या पक्षाची शेजारच्या दिंडोशी व वर्सोव्यातील मते शेजारी ठेवून पाहा. २०२४ मध्ये या तिन्ही जागा त्याच पक्षाने आठ हजारांपेक्षा कमी फरकाने जिंकल्या होत्या. आपल्याकडे वाढ शेजारपेक्षा अधिक दिसली, तर ती बहुतांशी त्यांच्या स्वतःच्या वहीची असेल. मात्र उमेदवार आणि आघाड्या तोवर त्याच राहिल्या पाहिजेत.